विषाणूची बदलती सही आणि आपला नमुना

(पंचवटी येथील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जरा अवघड आहे. विषाणू पुढे कसा बदलेल याचे गणित संगणकावर मांडायचे आणि त्यावरून लस घडवायची, असा तो विषय. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. तेव्हा प्रयोगशाळेच्या भाषेत न बोलता आमच्या टेबलावरच्या भाषेत बोलतो.

बँकेत खातेदाराच्या सहीचा नमुना ठेवलेला असतो. चेक आला की आम्ही सही ताडून पाहतो. लस शरीराला विषाणूच्या सहीचा असाच नमुना देऊन ठेवते. फरक इतकाच, की आम्ही सही जुळली तर पैसे देतो, शरीर सही जुळली तर हाकलून लावते! गोवराची सही वर्षानुवर्षे ओळखता येण्यासारखी राहिली, म्हणून त्याची जुनी लस अजून चालते. इन्फ्लुएन्झा आणि करोना यांचे तसे नाही. विषाणू स्वतःच्या नकला काढत असतो आणि नक्कल उतरवताना अक्षर चुकते. करोनाच्या मजकुरात सुमारे ३०,००० अक्षरे आहेत. बहुतेक चुका वाया जातात. एखादी मात्र त्याच्या पथ्यावर पडते, सही बदलते आणि शरीर फसते.

तथागतांनी सर्व काही अनित्य आहे असे सांगितले, त्याचा हा दाखला म्हणता येईल. पण बुद्धांना विषाणू आणि संगणक आधीच ठाऊक होते असे कोणी म्हणू लागले, तर आम्ही त्याला हात जोडू. बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घ्यायला शिकवले आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. २०२० च्या अखेरीपासून राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या करोनाच्या नमुन्यांचा मजकूर तेथे अक्षर न् अक्षर वाचला गेला. विषाणूच्या काट्याचे जे प्रथिन असते, त्यात १,२७३ दुवे आहेत. त्यांपैकी ४५२, ४७८, ४८४ आणि ६८१ या क्रमांकांचे दुवे बदललेले आढळले. मग शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाची आकृती संगणकावर उभी केली, त्यात बदललेले दुवे बसवले आणि दोन प्रश्न विचारले. आपल्या पेशीला हा काटा आता अधिक घट्ट चिकटेल काय? आणि शरीराच्या प्रतिपिंडांची पकड सैल होईल काय? दोन्हींचे उत्तर होकाराकडे झुकणारे आले. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की महाराष्ट्रात यांतल्या ४५२ आणि ४८४ या दोन बदलांचे नमुने वाढले आहेत. त्यानंतरचे एप्रिल आणि मे आपण सर्वांनी पाहिले. त्या घराण्यातल्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी डेल्टा हे नाव दिले.

नमुना वाचणे आणि लस हाती येणे यांत मात्र फार अंतर आहे. ओमायक्रॉनला नाव मिळाले नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्याच्यासाठी खास घडवलेली पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची लस मंजूर झाली जून २०२३ मध्ये. लस चांगली, देशी बनावटीची, सुईशिवाय देता येणारी. पण जानेवारी २०२२ ची लाट केव्हाच ओसरली होती. चोर पळून गेल्यावर त्याचा फोटो भिंतीवर लावावा, तसे हे झाले.

म्हणूनच आधी अंदाज बांधण्याची धडपड चालली आहे. कोणत्या अक्षराचा बदल विषाणूला परवडेल आणि त्याच वेळी शरीराला चकवेल, हे संगणक हजारो बदल तपासून सांगू पाहतो. २०२३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशी पद्धत मांडली. २०२० पूर्वीचीच माहिती तिला दिली, तरी साथीत पुढे आलेले कित्येक बदल तिने धोक्याचे म्हणून दाखवले. इन्फ्लुएन्झाच्या लसीसाठी जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या हंगामाचे विषाणू निवडते, कारण लस तयार व्हायला सहा महिने लागतात. त्या मधल्या काळात विषाणू थांबत नाही. २०१४-१५ च्या हंगामात अमेरिकेत अंदाज हुकला आणि लसीचा उपयोग जेमतेम १९ टक्के झाला. तेव्हा संगणक म्हणजे भविष्य सांगणारा बाबा नव्हे. त्याच्या खतावणीत जेवढ्या नोंदी, तेवढेच त्याचे गणित.

आणि या नोंदी येतात कोठून? माणसाच्या नाका-घशातून. ज्या वस्तीत तपासणी होत नाही, जिथला मजूर रोज बुडेल म्हणून ताप अंगावर काढतो, तिथल्या विषाणूची सही कोणत्याच नमुन्यात येत नाही. नकाशावर ती वस्ती कोरी राहते. कोरी म्हणजे निरोगी, असे कागद समजतो. ज्या पंचवटीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तिथल्या लोकांना वगळले जाणे म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. इथे तर रामकुंडावर देशभरचे यात्रेकरू येतात. रोग येथे येतोही आणि येथून जातोही.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातूनही करोनाचे प्रकार शोधले. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. गटार कोणाची जात विचारत नाही, तपासणीला कोण आले आणि कोण राहिले हेही विचारत नाही. फक्त त्या गटारात आजवर कोण उतरत आले, हे या सभागृहाला माहीत आहे. नमुना घेणाऱ्याच्या हातात मोजे आणि तोंडावर मास्क आहे ना, तेही आपणच पाहिले पाहिजे.

मंडळाला आमची एक विनंती आहे. वस्तीत एकाच आठवड्यात चार-पाच घरी ताप दिसला, तर कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात लेखी कळवावे, आणि नमुने घेतले का, कोठे पाठवले, हे विचारून त्याची नोंद मंडळाच्या वहीत ठेवावी. वही आम्ही आखून देऊ.

जयभीम. नमो बुद्धाय.