पाणी अडवा म्हणता, मग आमची जोत का अडवता?

(पोळ्यानंतर पुसद येथे झालेल्या मेळाव्यात संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या वतीने केलेले भाषण. सप्टेंबर १९९२. ज्या गावात, पोडावर निरोप पोचला नाही तेथे हे मोठ्याने वाचून दाखवावे.)



ज्वारी पोटरीत आली आहे, रात्री डुकरांची राखण करून तुम्ही सकाळी पायी निघून इथं आले. म्हणून आम्ही फालतू बोलणार नाही. एकच विषय घेतो, पाण्याचा. आणि पाण्याच्या आडून आपल्या जमिनीचा.

सुधाकरराव नाईक २५ जून १९९१ ला मुख्यमंत्री झाले. ते आपल्या पुसदचेच आमदार. गहुलीचे सरपंच होते, मग यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले. खेड्यात पाण्यावाचून काय हाल होतात ते त्यांना ठाऊक आहे, हे आम्ही मान्य करतो. यंदा त्यांनी जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आता शाळेतले पोट्टेसुद्धा म्हणतात. मोठं धरण बांधलं की खालच्या लोकांचं भिजतं आणि वरचे कोरडे राहतात. त्यापेक्षा ज्या गावात पाऊस पडला त्याच गावात तो जिरवावा, हा विचार चांगला आहे. तो आमच्या विरोधाचा नाही, आमच्या फायद्याचा आहे. म्हणूनच त्याच्यावर बोलायचं आहे.

पाणी वरून खाली येते, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. साहेब लोक त्याला ‘माथा ते पायथा’ म्हणतात. म्हणजे आधी टेकडीच्या डोक्यावर समतल चर खोदायचे, मग उतारावर बांधबंदिस्ती, मग नाल्याला दगडाचे बांध, आणि सगळ्यात शेवटी खाली मातीचा नालाबांध. उलटं केलं तर काय होते? वरची माती पहिल्याच पुरात वाहून येते, खालचा बांध गाळानं भरते, आणि सरकारचा पैसा मातीत जाते.

आता सांगा, माथ्यावर कोण आहे? नदीकाठची काळी जमीन कुणाकडे आहे ते सर्वांना माहीत आहे. आंध, कोलाम, गोंड, परधान यांची वावरं बरडावर, मुरमावर, जंगलाच्या कडेला. तांड्यावरच्या गरीब बंजारा भावांचीही तीच गत. म्हणजे शास्त्राप्रमाणे काम जिथून सुरू व्हायला पाहिजे, तिथं आपण आहोत. पण कागदाप्रमाणे आपण तिथं नाहीच.

आमच्याकडच्या एका गावात यंदा उन्हाळ्यात मोजणीवाले आले. चुन्याच्या रेघा मारत खालून वर चढले. जिथपर्यंत सातबारा होता तिथपर्यंत रेघ आली, आणि आमच्या धुऱ्यावर येऊन थांबली. आम्ही म्हटलं, साहेब, पुढं बी वावरच आहे, पऱ्हाटी दिसत नाही काय? ते म्हणाले, नकाशात हे जंगल आहे, इथं आम्हाला काम करता येत नाही. जूनमध्ये पाऊस आला. आमच्या वावराची माती खाली गेली आणि ज्याला सातबारा होता त्याचा नवा बांध फुटला. त्याचं बी नुकसान, आमचं बी नुकसान. त्या बांधाची माती टोपल्यानं वाहिली होती आमच्याच बायकांनी, रोजगार हमीवर.

रोजगार हमीचंही समजून घेऊ. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली आणि चिकाटीनं लावून धरली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला, उपकार नाही. तिथं मजूर म्हणून जायला सातबारा लागत नाही. राबायला सातबारा लागत नाही, पण राबलेलं आपल्या वावरात पडायला लागतो. सारी अडचण या एका कागदात आहे.

तो कागद आपल्याला का नाही? आपण चोर आहोत म्हणून नाही. आपल्या जबरान जोतीबद्दल सरकारनंच निर्णय केलेले आहेत. २७ डिसेंबर १९७८ चा राज्य सरकारचा निर्णय आहे. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली पात्र भूमिहीनांची अतिक्रमणं कायम करायची, असं त्यात ठरलं. पुढं २५ ऑक्टोबर १९८० ला दिल्लीचा वनसंवर्धन कायदा आला. जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी पाहिजे, असं झालं, आणि आपले अर्ज तिथंच अडकले. १८ सप्टेंबर १९९० ला केंद्रानंच पत्रकं काढली की १९८० च्या आधीची जुनी प्रकरणं सोडवा. १९९१ च्या मार्चमध्ये ठाण्याकडच्या आदिवासींच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दाव्याची चौकशी नीट करा, नुसत्या कागदावर अडून बसू नका, दुसरा पुरावाही बघा. एवढं सारं होऊन नाकेदार अजून आपल्याला ‘अतिक्रमणवाले’ म्हणूनच हाक मारतो.

ई-क्लासच्या जमिनीवर ज्यांची जोत आहे त्यांनी ध्यानात ठेवा, ती जमीन महसूल खात्याची आहे. तिथं केंद्राची परवानगी मधे येत नाही. दोन्ही प्रकरणं एकात मिसळू नका आणि कुणाला मिसळू देऊ नका.

काही म्हातारे म्हणतात, मुंबईत कायदे होतात, आपल्याला काय मिळते? त्यांना एक आठवण देतो. १९७६ पर्यंत यवतमाळ जिल्ह्यात फक्त केळापूर, वणी आणि यवतमाळ तालुक्यांतले आदिवासी यादीत होते. पुसदचे नव्हते. पैनगंगेच्या पल्याड नांदेड जिल्ह्यात आपले सोयरे आंध अनुसूचित जमातीत, आणि अल्याड आपण नाही. एकाच मांडवात नवरीकडचे आदिवासी आणि नवरदेवाकडचे बिगर-आदिवासी! तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, तेही पुसदचेच. त्यांच्या काळात १९७४ ला जमिनीचा कायदा दुरुस्त झाला. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येणार नाही, असं ठरलं. आणि यादीच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या त्याच जमातींनाही हे संरक्षण आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. पाठोपाठ जमीन परत करण्याचा कायदा आला. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेली जमीन परत मिळण्याची वाट त्यानं उघडली. मोठे जमीनवाले त्याच्याविरुद्ध दिल्लीपर्यंत गेले. डिसेंबर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम केला.

मग सगळ्यांना जमीन परत मिळाली काय? नाही. जिथं लोक जुने फेरफार घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढले, तारखेला हजर राहिले, तिथं मिळाली. जिथं सावकाराच्या भीतीनं घरी बसले, तिथं कायदा कपाटात राहिला. आमदार कायदा करतो, तो गावापर्यंत पायी आपल्यालाच आणावा लागतो.

आता धोक्याची गोष्ट. पाणी अडवायच्या नावानं काही ठिकाणी जंगल खातं आपल्या चालू वावरात चर खोदते. यंदा चर, पुढच्या पावसात रोपटं, त्याच्या पुढच्या वर्षी काटेरी तार. आणि मग म्हणतात, इथं जोत नव्हतीच, रोपवन आहे. चर पाहिजे, झाडंही पाहिजेत, पण आमच्या पोटावर पाय देऊन नको.

म्हणून मुख्यमंत्र्यांना द्यायच्या निवेदनात आपण तीन मागण्या लिहिल्या आहेत. एक, जुन्या जबरान जोतीच्या दाव्यांची चौकशी गावात येऊन, गावासमोर करा. दोन, चौकशी होईपर्यंत त्या वावरांवर रोजगार हमीतून बांधबंदिस्ती करा. पाणी काही सातबारा बघून वाहत नाही. तीन, दावा असलेल्या वावरात चर, रोपवन किंवा तार लावू नका.

आणि आपलं काम असं. दंडाच्या जुन्या पावत्या, जंगल खात्याच्या गुन्ह्याचे कागद, कोर्टाचे समन्स घरात खोसून ठेवले असतील ते काढा. उंदरानं कुरतडलेले असले तरी आणा. ज्या पावतीची आपल्याला लाज वाटत होती, तीच आपली साक्ष आहे. त्या साली आपण तिथं होतो, हे सरकारनंच तिच्यावर लिहून ठेवलं आहे. पटवाऱ्याकडच्या एक-ई नोंदवहीत आपलं नाव आहे काय ते पाहा. पावती नसेल तर जुना धुरा, लावलेला आंबा, शेजारच्या म्हाताऱ्याचा जबाब लिहून घ्या. अर्ज तहसीलला द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाईच्या नावानंही अर्ज करा, वखरामागं ती बी चालली आहे. लिहायला कुणी नसेल तर आम्हाला निरोप द्या, आमचे शिकलेले पोट्टे पोडावर येतील. पैसे मागणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नका.

मुख्यमंत्री आपल्या तालुक्याचे आहेत, त्यांचं पाण्याचं काम चांगलं आहे. ते काम पुरं व्हावं असं आम्हालाही वाटते. पण माथा सोडून पायथा भिजत नाही. आणि माथ्यावर आपण आहोत, तिथंच राहणार आहोत.

जोहार.