शेजाऱ्याच्या नजरेतील आपण



देशभक्तीची उलटतपासणी करणे हे आपल्याकडे पाखंड समजले जाते. तरी आज ते पाखंड मी करणार आहे. परक्या साम्राज्याचे चटके आपण सोसले. त्यामुळे आपणही कोणाला जाचक वाटत असू, ही कल्पनाच आपल्याला मानवत नाही. शेजारी रागावला की आपले निदान तयार असते: त्याला चीनची फूस आहे, किंवा तो कृतघ्न आहे.

नेपाळचे उदाहरण घ्या. लिपी एक, देव एक, सरहद्द मोकळी. गोरखे आपल्या सैन्यात लढतात. मग हा राग कशाचा?

३१ जुलै १९५० रोजी उभय देशांत मैत्रीचा तह झाला. नेपाळतर्फे राणा पंतप्रधानांनी सही केली, आपल्यातर्फे केवळ राजदूताने. सात महिन्यांच्या आत राणांची सत्ता गेली. तह मात्र राहिला. त्या तहाने नेपाळी माणसाला येथे राहण्याची व पोट भरण्याची मुभा दिली, हे खरे. पण उपकाराबरोबर पायरीही दाखविली गेली, तर लक्षात पायरीच राहते.

नेपाळला समुद्र नाही. १९८९ साली व्यापाराचे करार संपले आणि आपण बहुतेक नाकी बंद केली. २०१५ च्या एप्रिलमध्ये तेथे भूकंप झाला, तेव्हा त्याच दिवशी आपली विमाने मदत घेऊन काठमांडूला उतरली. सप्टेंबरात नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. ती आपल्या सरकारला रुचली नाही आणि लवकरच मालमोटारी सरहद्दीवर अडल्या. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, औषधे यांची टंचाई २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली.

आपले सरकार म्हणाले, आम्ही काहीच अडविले नाही. मधेशी आंदोलकांमुळे रस्ते असुरक्षित झाले आहेत. मधेशींची गाऱ्हाणी खरी होती. आपल्याविरुद्धच्या रागावर तेथील पुढाऱ्यांनी पोळी भाजून घेतली, हेही खरे. पण जेथे आंदोलक बसले नव्हते, तेथूनही माल का येईना, या नेपाळी माणसाच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मार्च २०१६ मध्ये नेपाळने मालवाहतुकीसाठी चीनशी करार केला. ज्याला आपण फूस म्हणतो, तिची वाट अशी आपणच मोकळी करून देतो.

चार्ल्स ब्रॅडलॉ हा इंग्रज. ब्रिटिश पार्लमेंटात त्याने हिंदुस्थानची बाजू मांडली. १८८९ साली तो मुंबईच्या काँग्रेसला आला, तेव्हा आपल्या पूर्वजांनी त्याचा गौरव केला. स्वतःच्या सरकारला जाब विचारणारा हा इंग्रज आपल्याला देशद्रोही वाटला नाही, न्यायी वाटला. मग हेच माप आपल्या घरी का नको? त्या हिवाळ्यात चूल थंडावलेल्या नेपाळी घरांसाठी आपल्यापैकी किती जणांनी दिल्लीला प्रश्न विचारला? देशाचे नाव शेजारी आदराने घेतले जावे, असे वाटणाऱ्या प्रत्येक भारतीयाचे ते काम आहे.