मुक्या जिवाची भरपाई



गंगावेशीच्या कट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध पिणारे हे गाव. येथे आज आम्ही कामगारांची नव्हे, जनावरांच्या मालकांची बाजू मांडणार आहोत. आमची हयात गाऱ्हाणी मांडण्यात गेली. कायदा आम्ही शिकलो तो कॉलेजात नव्हे, खटल्यांच्या कागदांतून. तरीही आमच्याच दावणीची म्हैस गेली, तेव्हा आम्ही अडाणी ठरलो.

म्हैस नुकतीच व्याली होती. एका गृहस्थांनी पैसे घेऊन इंजेक्शन दिले. तासाभरात तिने पाय ताणले. आम्ही हळहळलो आणि तिला पुरून मोकळे झालो. पावती नव्हती, औषधाची चिठ्ठी नव्हती, शवविच्छेदन केले नव्हते. गृहस्थ नोंदणी झालेले डॉक्टर आहेत काय, हेही विचारले नव्हते. ती इंजेक्शनने गेली की रोगाने, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. पुरावा आम्ही आमच्याच हातांनी पुरला!

१९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामावर अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळावी, हे त्याचे मर्म. जनावराच्या बाबतीत तसे नाही. येथे डॉक्टरची हयगय मालकाने दाखवावी लागते. जनावर दगावले एवढ्यानेच हयगय ठरत नाही; डॉक्टर काही देव नव्हे. जाणत्या डॉक्टराने घ्यावी तेवढी काळजी घेतली काय, हा प्रश्न असतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसते असे ठरवले. निकाल माणसांच्या डॉक्टरांचा. पण त्याच न्यायाने पशुवैद्यांविरुद्धच्या तक्रारीही ग्राहक न्यायालयांपुढे चालल्या. आता २०१९ चा कायदा आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षे. वकील सक्तीचा नाही. जनावराची किंमत, औषधपाणी, बुडालेले दूध, मनस्ताप, सारे मागता येते. घरच्या कुत्र्याला बाजारभाव नसेल. पण मनस्ताप मागण्याचा हक्क त्याच्या धन्यालाही आहे.

मात्र जेथे सर्वांनाच फुकट उपचार होतात, तेथे जाणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. म्हणजे ज्याच्या गोठ्यात एकच म्हैस, तोच दाराबाहेर! दिवाणी कोर्ट त्याला खुले आहे. पण तेथे लागणारी वर्षे आणि पैसा त्याने आणावा कोठून? ही उणीव एकट्याने भरून निघणार नाही. दूध संस्थांनी ती आपली मागणी म्हणून मांडली पाहिजे.

तोवर एवढे करा. डॉक्टरची नोंदणी विचारा. ती १९८४ च्या कायद्याने लागते. पावती आणि चिठ्ठी मागून घ्या. शंका असेल तर पुरण्याआधी शवविच्छेदन करवून घ्या. प्रामाणिक डॉक्टरला या कागदांचे भय नाही. उलट तेच त्याची ढाल आहेत.

जनावराला तोंड आहे, पण वाचा नाही. त्याच्या वतीने बोलायचे ते कागदाने आणि आपण. आम्ही एकदा गप्प बसलो. तुम्ही बसू नका.