ताप उतरल्यावर नाडी पाहा

मंडळी, आपले शंभरपर्यंतचे आकडे पुरे झाले. आज ते कामी लावू. उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. लागली नाडी? आता एक मिनिटभर ठोके मोजा. मोठे माणूस स्वस्थ बसलेले असले, म्हणजे ते ६० ते १०० भरतात.

हे आज का काढले? सर्दीतापाची साथ आली की आपण खोकल्याकडे पाहतो. काळजाकडे कोणी पाहत नाही. पुण्यात २००९ साली स्वाइन फ्लू आला, २०२० साली कोरोना आला. दोन्ही विषाणूंचे आजार. ते शिरतात नाकाघशातून, पण फुप्फुसांपाशीच थांबतील असे नाही. क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. ठोका पाडणारी बारीकशी वीज त्याच स्नायूतून वाहते. सुजेने तिची वाट बिघडते. मग ठोके फार भरभर पडतात, मध्येच चुकतात, नाहीतर अगदी मंद होतात. सिग्नल बिघडला की आपल्या केडगाव स्टेशनात गाड्यांचे होते ना, तसेच.

आमच्या ओळखीचा एक गडी गुऱ्हाळावर चुलवाणाशी असतो. ताप उतरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा कामावर! थोडे चिपाड आत सारले, आणि घेरी येऊन खाली बसला. शेजारी काहिलीत रस उकळत होता. त्यात पडला असता तर? आम्ही नाडी धरली. ठोक्याला ठोक्याचा मेळ नव्हता. लगेच दवाखान्यात नेले. तिथे ई.सी.जी., म्हणजे हृदयाची पट्टी काढली. ती काढताना काही दुखत नाही. औषध मिळाले, माणूस बरा झाला. आम्ही रागे भरलो, तर म्हणतो, "गुरुजी, रोज बुडला तर खायचं काय?" त्यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

तापात नाडी जलद चालतेच. त्याला भ्यायचे नाही. पण ताप गेल्यावरही ती बसल्या जागी शंभरावर असेल किंवा वेडीवाकडी लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ठोके असे बेताल फार दिवस राहिले, तर हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की अर्धांगवायू! छातीत दुखले, धाप लागली, शुद्ध हरपली, तर १०८ वर फोन करून गाडी बोलवा. डॉक्टर सांगेपर्यंत जड काम नको. आणि दुकानातून मनाने गोळ्या आणू नका. कोरोनाच्या वेळी पुष्कळांनी मलेरियावरच्या गोळ्या घेतल्या. त्या गोळ्यांनीही ठोक्यांची लय बिघडू शकते.

आता शेजाऱ्याची नाडी धरा. घड्याळ आम्ही पाहतो.