बोंड फोडल्याशिवाय फवारणी नको
(नागपूर जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज कापसाच्या भावाचे बोलायचे नाही. आज बोलायचे ते आपणच निवडून दिलेल्या माणसांबद्दल. ग्रामपंचायतीच्या सदस्याने, सरपंचाने कसे वागावे आणि ते पाहायचे कोणी?

कोणी म्हणेल, कोरडवाहू शेतकऱ्याला याच्याशी काय करायचे? पाणंद रस्त्यावर मुरूम पडतो की नुसते बिल निघते, तळ्यातला गाळ शिवारात येतो की कागदावरच राहतो, हे याच माणसांच्या हाती असते. कापसाने भरलेली बंडी चिखलात रुतते, तेव्हा त्या बिलाची वसुली आपल्या बैलांकडून होते.

कायदा नाही असे नाही. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम 14 पाहा. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, उघड किंवा आडून हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. कराचे बिल मिळून तीन महिन्यांत ज्याने कर भरला नाही, तोही नाही. सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा नाही. कलम 39 खाली गैरवर्तन करणाऱ्याला किंवा कामात सतत हयगय करणाऱ्याला काढून टाकता येते.

मग अडते कुठे? कलम 14 चा निर्णय जिल्हाधिकाऱ्याचा. कलम 39 चा विभागीय आयुक्ताचा, आणि त्यावर अपील राज्य सरकारकडे. गावातल्या गड्याला प्रत्येक पायरीला एसटीचे तिकीट, वकिलाची फी आणि मोडलेले रोज. तक्रार कोण करतो? ज्याला हे परवडते तो. म्हणजे बहुतेक वेळा निवडणुकीत पडलेला!

याचा परिणाम काय होतो, ते दोन निकालांवरून कळेल. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, अतिक्रमण ज्याने स्वतः केले तोच अपात्र. पळवाट मोठी झाली. घर बापाच्या नावावर, राहणारा सदस्य मुलगा! 2018 साली मोठ्या खंडपीठाने ही वाट बंद केली. घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणाचा जो सदस्य उपभोग घेतो, तोही अपात्र ठरला. नियम कडक झाला, चांगले झाले.

आता दुसरी बाजू. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या सरपंच बाईंवर हेच कलम लावले गेले. त्या सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार होती. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्या सांगत होत्या. अधिकाऱ्यांनी खातरजमा न करताच त्यांना पदावरून काढले. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि स्पष्ट सांगितले की बाई सरपंच झाली, हेच गावकऱ्यांना सोसवले नव्हते. कलम तेच, पण एकीकडे चोराला पकडायला आणि दुसरीकडे बाईला खाली खेचायला.

विलायतेत 1995 साली नोलन समितीने सार्वजनिक पदावरच्या माणसासाठी सात तत्त्वे सांगितली. निःस्वार्थ, सचोटी, निःपक्षपातीपणा, उत्तरदायित्व, उघडपणा, प्रामाणिकपणा, नेतृत्व. शब्द सुंदर. पण 2011 च्या कायद्याने तिथल्या नगरसेवकांना निलंबित करण्याचा अधिकारच काढून घेतला. शेवटी 2019 च्या फेरतपासणीत समितीला शिफारस करावी लागली की सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार परत द्या. तिथे तत्त्वे होती, दंड नव्हता. आपल्याकडे दंड आहे, पण तो गावाच्या हाती नाही.

पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी आली की आपण काय करतो? बोंड बाहेरून हिरवेगार दिसते, आत सरकी पोखरलेली असते. म्हणून 20 हिरवी बोंडे तोडून फोडायची आणि दोनांत अळी दिसली तर फवारायचे. न पाहता फवारणारा पैसे घालवतो, न पाहता बसणारा पीक घालवतो. माणसाच्या बाबतीतही मोजमाप आधी ठरवावे, ते सगळ्यांना सारखे लावावे आणि बोंड चारचौघांत फोडावे.

ही चारचौघांची जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार घ्याव्याच लागतात. थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा, तर सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमतानंतरही ग्रामसभेत गुप्त मतदान होते. म्हणजे कायद्याचा ग्रामसभेवर विश्वास आहे. आपलाच नाही!

म्हणून माझे सांगणे एवढेच. प्रत्येक गावात वर्षातून एका ग्रामसभेत तीन गोष्टी मोठ्याने वाचा. पहिली, झालेल्या कामांची बिले आणि ती कोणाला दिली त्यांची नावे. दुसरी, नमुना 9, म्हणजे कोणाचा किती कर थकला. त्यात सदस्यांची नावे आधी. तिसरी, मासिक सभांची हजेरी. ज्याच्यावर बोट जाईल त्याला तिथेच पूर्ण उत्तर देऊ द्या. बाईवर आरोप असेल तर उत्तर बाईच देईल, नवरा नाही. मगच ठराव लिहा आणि जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवा. कागद दाखवत नसतील तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच.

आणि वाचायला सुरुवात आपल्या माणसापासून करा. आपल्या पॅनेलच्या सदस्याचा थकलेला कर जो आधी वाचेल, त्यालाच दुसऱ्याचे बिल विचारण्याचा हक्क राहील. कोरम 15 टक्के मतदारांचा किंवा 100 जणांचा, जो कमी असेल तो. दर गावात 100 माणसे आपण बसवू शकत नसू, तर मुंबईला मोर्चे कशाला न्यायचे?