सफोकचा तांबूस घोडा

आपल्याकडे नांगराला बैल आणि टांग्याला घोडा ही विभागणी इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, घोडा शेत नांगरतो असें ऐकल्यास प्रथम नवलच वाटतें. इंग्लंडांत मात्र बैलाचें काम हळूहळू घोड्याकडे आलें, व त्या कामास योग्य असे अवजड घोडे तेथील शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केले. त्यांपैकीं ‘सफोक पंच’ या जातीची कथा विशेष मननीय आहे.

सफोक हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील परगणा. तेथें चिकणमातीची जमीन पुष्कळ. पावसानंतर ती पायांना अशी चिकटते कीं, पाऊल उचलणें कठीण. शायर, क्लाइड्सडेल इत्यादि जातींच्या घोट्यांशीं लांब केसांचे झुपके असतात व त्यांत चिखल लडबडून बसतो. सफोकचे पाय अशा झुपक्यांपासून मोकळे असतात. आखूड पाय, रुंद छाती, भरदार मान, साडेपांच फुटांच्या आसपास उंची आणि सुमारें १ टन वजन, अशी त्याची ठेवण. ‘पंच’ या शब्दाचा जुना अर्थच मुळीं आखूड व जाडजूड असा आहे. रंग मात्र एकच, तांबूस; त्याच्या सात छटा जाणकार मानतात. स्वभाव शांत, खाणें बेताचें आणि कष्टाला चिवट, म्हणून शेतकऱ्याला तो परवडे.

या जातीची पितृपरंपरा फार अरुंद आहे. अफर्ड गांवच्या क्रिस्प नामक गृहस्थाकडे १७६८ सालीं जन्मलेला एक घोडा हाच आजच्या प्रत्येक सफोकचा मूळपुरुष. इतर नरांचे वंश पुढें खुंटले. १८७७ सालीं सफोक घोड्यांची संस्था स्थापन झाली, आणि हर्मन बिडेल यांनीं परिश्रमपूर्वक जुळविलेल्या वंशावळीचा पहिला खंड १८८० सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें याच नोंदवहीनें जातीचा ऱ्हासहि नोंदला. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांवर ट्रॅक्टर सर्रास आले. काम नसेल त्या दिवशीं ट्रॅक्टर कांहीं मागत नाहीं. घोड्याला मात्र दाणावैरण रोज लागते. हिशेब सरळ होता, आणि पुष्कळ उमदीं जनावरें खाटिकखान्याकडे गेलीं. १९६६ सालीं अवघ्या ९ शिंगरांची नोंद झाली!

तरीहि कांहीं मोजक्या मंडळींनीं ही जात टिकवून धरली. हॉलेस्ली बे येथील तुरुंगाच्या शेतावर या घोड्यांची जुनी पैदास होती, आणि तेथील तरुण कैदी त्यांची निगा राखण्यास शिकत. २००६ सालीं ती पैदास एका विश्वस्त संस्थेनें आपल्याकडे घेतली.

संख्या थोडी असली म्हणजे नातीं जवळचीं होतात व वंश दुबळा पडण्याचें भय असतें. म्हणून घोडा-घोडीची जोडी वंशावळ पाहूनच जमवावी लागते. शतकापूर्वीं अभिमानानें लिहिलेली ती वही आज जीवरक्षणाच्या कामीं येते. अद्यापहि ही जात अतिदुर्मिळांत मोडते. कांहीं सफोक नांगरणीच्या स्पर्धांत उतरतात. कांहीं रानांतून तोडलेले ओंडके ओढून आणतात, कारण तेथें अवजड यंत्रापेक्षां घोड्याचें पाऊल जमिनीला कमी दुखवतें. त्यांच्या पालकांना जनावर नुसतें जगवून समाधान नाहीं. ज्या कामासाठीं तें घडलें, तें थोडेंबहुत तरी त्याच्या वांट्यास यावें, अशी त्यांची खटपट आहे.