औषधाच्या आधी विचारलेला प्रश्न



तंजावरहून पट्टुकोट्टैकडे निघालात की वाटेत ओरत्तनाडु लागते. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी सरफोजी राजे भोसले यांनी 1802 मध्ये तिथे मुक्तांबाळ छत्र उभारले. छत्र म्हटले की आपल्याला पंगत आठवते. पण तंजावरच्या अशा छत्रांविषयी राजांनी आदल्याच वर्षी, 1801 मध्ये, ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहिले होते, त्यात वाटेत आजारी पडलेल्यांसाठी वैद्य आणि पथ्याची सोय, बाळंतिणींची व्यवस्था, पोरक्या मुलांचा सांभाळ, असा सगळा हिशेब आहे. तंजावरात त्यांनी औषधोपचारांसाठी धन्वंतरी महाल काढला. त्यांच्या नेत्ररुग्णांचे केसपेपर तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत: मोडीत आणि इंग्रजीत लिहिलेले, काहींवर डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेली. रुग्ण कोण, त्रास कोणता, उपचार काय केले, हे त्यात आहे. आपल्या कित्येक वॉर्डांत आज एवढेही नीट लिहिले जात नाही, हे तुम्ही नव्या डॉक्टरांनी इंटर्नशिपमध्ये पाहिलेच असेल.

विचारून केलेली नोंद काय करू शकते, हे पाहायला आता मुंबईत या. 2020 च्या उत्तरार्धात, करोनाच्या काळात, कावीळ झालेले सहा रुग्ण डॉक्टरांपुढे आले. नेहमीच्या विषाणूंच्या तपासण्यांतून उलगडा होईना. उलगडा झाला तो ‘घरी काय घेत होता?’ या प्रश्नाने. सगळे जण गुळवेल घेत होते. डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये ते प्रसिद्ध केले. लगेच वाद पेटला. वनस्पती तपासलीच नाही, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. आक्षेपाला उत्तर भांडणाने मिळत नाही, आणखी रुग्णांनी मिळते. पुढच्याच वर्षी देशातल्या 13 केंद्रांनी तसेच 43 रुग्ण मांडले. सहा जणांचा तो छोटा लेख नसता, तर इतरांनी आपल्या रुग्णांना गुळवेलीबद्दल विचारले असते की नाही, मला शंकाच आहे.

नोंदीत काय येते आणि काय निसटते, यावर यकृतही मिळते किंवा हुकते. प्रत्यारोपणाच्या रांगेत कोण पुढे, हे ठरवणारा ‘मेल्ड’ गुणांक 2000 मध्ये अमेरिकेत तयार झाला तो वेगळ्याच कामासाठी. टिप्स नावाच्या प्रक्रियेनंतर कोण तगेल, हे 231 रुग्णांवरून सांगायला. 2002 पासून तो तिथे अवयववाटपात आला. त्यात क्रिएटिनिन मोजतात. बायकांच्या अंगात स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी, म्हणून गुण कमी. तितक्याच आजारी बायका रांगेत मागे राहत. हा भेद दिसला तो रुग्णनोंदी पुन्हा चाळणाऱ्यांना. सुधारलेले सूत्र, मेल्ड 3.0, तिथे 2023 मध्ये लागू झाले.

हा भेद दुरुस्त व्हायला वीसहून अधिक वर्षे गेली. जे विचारले आणि लिहिले जात नाही, ते असे निसटते. तेव्हा उद्या ओपीडीत कावीळ घेऊन कोणी आजी आल्या, तर आधी विचारा, ‘आजी, काढा कुठला घेता?’ नुसते ‘काही औषध चालू आहे का?’ विचारलेत तर त्या ‘नाही’च म्हणतील. काढ्याला औषध कोण म्हणतो?